चूक आठवतच नसेल तर?

हिंदी चित्रपटात डोक्याला मार बसला की पुढे काय होतं हे आपल्याला पाठ आहे. नायक डोळे उघडतो, छताकडे पाहतो आणि विचारतो, "मी कुठं आहे?" आई ओळखू येत नाही, बायको ओळखू येत नाही, स्वतःचं नावही आठवत नाही. मग शेवटच्या दोन रिळांत कधीतरी तेच डोकं पुन्हा आपटतं आणि सगळं जागच्या जागी येतं.

प्रत्यक्षात घडतं ते बरंचसं याच्या उलट. मेंदूला गंभीर इजा झालेला माणूस पूर्ण शुद्धीवर येतो तेव्हा बहुधा आईला ओळखतो, स्वतःचं नाव सांगतो, शाळेतल्या मास्तरांच्या गोष्टीही सांगतो. पण सकाळी तपासून गेलेले डॉक्टर दुपारी पुन्हा आले, तर त्याच्या लेखी ते पहिल्यांदाच आलेले असतात. जेवून दहा मिनिटं होत नाहीत तोच 'आज मला जेवायला दिलंच नाही' अशी तक्रार सुरू होते. जुनं बरंचसं शाबूत, नवं मात्र टिकत नाही. आणि डोकं दुसऱ्यांदा आपटलं तर आणखी नुकसान होतं, बाकी काही नाही.

अशा माणसाला पुन्हा घरात, जमलं तर कामावर उभं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? औषधं आणि शस्त्रक्रिया जीव वाचवतात, सूज उतरवतात, फिट आटोक्यात ठेवतात. त्यानंतरचं बरंचसं काम शिकवण्याचं असतं. खुर्चीतून पलंगावर कसं जायचं, एका हातानं बटणं कशी लावायची, गोळ्या कधी घ्यायच्या, रोज येणाऱ्या नर्सबाईंचं नाव काय, हे सगळं एका मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला शिकवायचं. आणि तेही त्याचं शिकण्याचं साधनच जखमी झालेलं असताना. म्हणून हा विषय डॉक्टरांचा आहे तितकाच आपला, शिक्षकांचाही आहे. शिवाय आपल्या व्यवसायातलं एक लाडकं सूत्र या क्षेत्रात फार काटेकोरपणे तपासलं गेलं आहे. ते सूत्र म्हणजे 'माणूस चुकांतून शिकतो'.

इजा होते म्हणजे काय होतं?

जिवंत मेंदू खरवसासारखा मऊ असतो. कवटीच्या आत, पाण्यासारख्या द्रवात तो तरंगत असतो. कवटीचा वरचा भाग आतून गुळगुळीत असला, तरी खालच्या बाजूला, म्हणजे कपाळामागे आणि कानशिलांच्या आत, हाडांचे कंगोरे असतात. स्कूटरवरून पडलेल्या माणसाचं डोकं वेगात येऊन एकदम थांबतं, पण आतला मेंदू थांबत नाही. तो या कंगोऱ्यांवर घासतो. डोकं गर्रकन वळलं असेल तर मेंदूच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जाणारे लांबलचक चेतातंतू ताणले जातात, तुटतात. नंतर सूज येते, रक्तस्राव होतो, कवटीत वाढायला जागा नसल्यानं दाब वाढतो आणि प्राणवायूचा पुरवठा तुटतो. पहिल्या क्षणी वाचलेल्या पेशी या दुसऱ्या फेरीत मरतात.

कपाळामागचा भाग ठरवणं, आवरणं, आखणं आणि स्वतःवर लक्ष ठेवणं ही कामं पाहतो. कानशिलांच्या आतल्या भागात हिप्पोकॅम्पस ही छोटी रचना असते. नव्या घटनांची नोंद करण्याचं काम तिच्याशिवाय होत नाही. मार नेमका या दोन ठिकाणी जास्त बसतो. त्यामुळे हातपाय चालू लागले, बोलणं सुधारलं, तरी आठवण आणि अवधान मागे राहतं. अपघाताखेरीज पक्षाघात, मेंदूज्वर, काही मिनिटं बंद पडलेलं हृदय, पाण्यात बुडून वाचणं या कारणांनीही मेंदूला इजा होते. प्राणवायू तुटण्याचा फटका तर हिप्पोकॅम्पसला फार लवकर बसतो.

इजा किती गंभीर आहे हे मोजायला १९७४ साली ग्लासगोच्या ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी एक सोपी मोजपट्टी दिली. डोळे उघडण्याला चारपैकी, बोलण्याला पाचपैकी आणि हालचालीला सहापैकी गुण द्यायचे. एकूण पंधरा गुण म्हणजे पूर्ण शुद्ध, आठ किंवा कमी म्हणजे गंभीर. काहीच न करणाऱ्यालाही तीन गुण मिळतात, शून्य कुणालाच नाही! दुसरी मोजणी दिवसांची असते. शुद्धीवर आल्यावरही माणूस काही काळ गोंधळलेला असतो, काल काय झालं ते आज सांगू शकत नाही. हा काळ एक दिवसापेक्षा जास्त लांबला तर इजा गंभीर मानतात, आठवड्यापलीकडे गेला तर अतिगंभीर.

'ओळखलंत का मला?'

समजा, अडतीस वर्षांचे एक बँक कर्मचारी अशा अपघातातून तीन महिन्यांनी घरी आले आहेत. चालतात, बोलतात, जुने हिशोबही करतात. पाहुण्यांना वाटतं, बरे झाले. पण वीजबिल भरलं का, हे ते तासाभरात पाच वेळा विचारतात. वर्तमानपत्र वाचून घडी घालतात आणि पुन्हा उघडून तितक्याच उत्सुकतेनं वाचतात. दूध गॅसवर ठेवून विसरतात, आणि ते उतू गेलं की 'मी ठेवलंच नव्हतं' म्हणून वाद घालतात. ते खोटं बोलत नसतात. दूध ठेवल्याची नोंदच झालेली नसते. घरचे मात्र दमून जातात आणि कधीतरी कुणाच्या तोंडून निघतंच, "आत्ताच तर सांगितलं ना!"

मग सुरू होते प्रश्नमंजुषा. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारतो, "ओळखलंत का मला?" त्यांना ओळखू येत नाही. पण गप्प बसणं बरं दिसत नाही, म्हणून ते अंदाज करतात, "सुनील?" "नाही, नीट बघा." "अनिल?" "छे! अहो मी प्रकाश, वरच्या मजल्यावरचा!" सगळे हसतात, प्रकाशराव बसतात. आठवणीला ताण दिला की ती सुधारेल, अशी या प्रश्नांमागची समजूत असते. दंडाचे स्नायू जसे जोर काढून वाढतात तशीच आठवणही वाढत असणार! बदाम आणि ब्राह्मीही चालू असतात. बदामांनी निदान अपाय तरी होत नाही. या प्रश्नोत्तरांनी होतो.

तो कसा, हे कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

टाचणी आणि आरसा

जिनिव्हाचे एदुआर क्लापारेद हे नाव शिक्षणशास्त्राच्या इतिहासात येतं. १९१२ साली त्यांनी तिथे रूसोच्या नावानं शिक्षणविज्ञानाची संस्था काढली; पुढे पियाजे याच संस्थेत काम करू लागले. क्लापारेद डॉक्टरही होते. त्यांच्या पाहण्यात एक बाई होत्या. त्यांना नवं काहीच आठवत नसे. रोज भेटणाऱ्या डॉक्टरांशी त्या रोज नव्यानं ओळख करून घेत. एकदा क्लापारेदनी बोटांमध्ये टाचणी लपवून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. बाईंना टाचणी टोचली. थोड्या वेळानं त्या सगळं विसरल्या. पण पुन्हा हात पुढे केल्यावर मात्र त्यांनी आपला हात मागे घेतला. का, म्हणून विचारल्यावर त्यांना कारण सांगता येईना. कधी कधी लोकांच्या हातात टाचण्या असतात, अशा अर्थाचं काहीतरी त्या बोलल्या. हे निरीक्षण १९११ साली प्रसिद्ध झालं. (आजच्या नियमांत हा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.)

घटना विसरली गेली, पण धडा राहिला. हे कसं, याचं उत्तर मिळायला चाळीस-पन्नास वर्षं जावी लागली. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर, अपस्मार थांबवण्यासाठी, शस्त्रक्रिया झाली. तीत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. झटके कमी झाले. पण त्यानंतर २००८ साली मरेपर्यंत, नव्यानं घडलेलं काही मोलेसनच्या लक्षात राहिलं असेल तर ते अपवादानंच. मॉन्ट्रियलच्या ब्रेंडा मिलनर यांनी त्याला एक खेळ दिला. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी. त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हाताकडे थेट न बघता आरशात बघून. वर्गात करून पाहा. सुरुवातीला प्रत्येक कोपऱ्यावर पेन्सिल भलतीकडेच पळते. मोलेसनची पेन्सिलही पळाली. पण रोजच्या सरावानं तिसऱ्या दिवशी तो सफाईनं चांदणी काढू लागला. मात्र हा खेळ आपण पूर्वी कधी खेळल्याचं त्याला दर वेळी नाकबूल होतं.

म्हणजे आठवण हे एकच भांडं नाही. निदान दोन निराळी खाती आहेत. एक खातं घटनांचं. 'मी मघाशी अनिल म्हणालो आणि ते चुकलं होतं' ही नोंद या खात्यात होते. दुसरं खातं सवयीचं. सायकल चालवणं, कुलूप उघडणं, आरशात बघून चांदणी काढणं त्या खात्यात जमा होतं. हे दुसरं खातं मेंदूच्या निराळ्या भागांवर चालतं आणि पहिलं बुडालं तरी बरेचदा वाचतं. शेतातली पायवाट जशी पावलं पडतील तिथे तयार होते, तशी सवय बनते. पायवाटेला योग्य दिशा कोणती हे ठाऊक नसतं. जास्त पावलं जिकडे, तिकडे वाट.

आता 'सुनील? अनिल? प्रकाश!' पुन्हा पाहा. तुमच्याआमच्या बाबतीत 'सुनील' आणि 'अनिल' या दोन्ही चुका घटनांच्या खात्यात जातात, त्यांच्यावर फुली पडते आणि 'प्रकाश' उरतो. ज्याचं घटनांचं खातं बंद आहे त्याच्याकडे फुली मारायची सोय नाही. त्यानं 'सुनील' म्हटलं, एवढीच पावलं सवयीच्या वाटेवर पडली. उद्या तोच चेहरा दिसल्यावर तोंडात पुन्हा 'सुनील'च येणार, आणि आज चुकल्यामुळे उद्या चुकण्याची शक्यता वाढलेली असणार.

सोळापैकी सोळा

हा तर्क प्रयोगानं तपासला तो इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन आणि ॲलन बॅडली यांनी. बॅडली हे स्मृतीच्या अभ्यासातले नामवंत मानसशास्त्रज्ञ. विल्सनबाई मेंदूला इजा झालेल्या प्रौढांकडे वळण्यापूर्वी मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांना शिकवण्याच्या कामात होत्या. तिथे त्यांना शिकवण्याची एक जुनी रीत माहीत झालेली होती.

त्या रीतीचा उगम कबुतरांत आहे. १९६३ साली हर्बर्ट टेरेस यांनी कबुतरांना 'लाल दिव्यावर चोच मारली की दाणे मिळतात, हिरव्यावर मिळत नाहीत' हा फरक शिकवला. नेहमीच्या पद्धतीनं कबुतर हिरव्यावर शेकडो वेळा चोच मारून मगच ते सोडतं. टेरेसनी हिरवा दिवा सुरुवातीला अगदी मंद आणि क्षणभरच दाखवला, इतका की त्यावर चोच मारावी असं कबुतराच्या मनातच येऊ नये. मग हळूहळू उजेड आणि वेळ वाढवत नेला. कबुतरं बोटांवर मोजण्याइतक्या चुका करून शिकली. याच धर्तीवर पुढे मरे सिडमन आणि स्टॉडर्ड यांनी मतिमंद मुलांना वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांतला फरक शिकवला. आधी उजळलेली चौकट आणि अंधारी चौकट, मग हळूहळू दोन्ही चौकटी सारख्या उजळ, असं करत करत.

विल्सन आणि बॅडली यांनी नव्या आठवणी न टिकणारी सोळा माणसं घेतली. तुलनेसाठी सोळा तरुण आणि सोळा वयस्कर निरोगी माणसं घेतली. प्रयोग शब्दांचा होता. मूळ शब्द इंग्रजी होते. मराठीत तो साधारण असा होईल. पहिली रीत: "मी 'क'नं सुरू होणारा तीन अक्षरी शब्द मनात धरला आहे. ओळखा." "कमळ?" "नाही." "कपाट?" "नाही." "कागद?" "नाही, शब्द आहे कणीस. लिहून घ्या." दुसरी रीत: "मी 'क'नं सुरू होणारा तीन अक्षरी शब्द मनात धरला आहे. तो आहे कणीस. लिहून घ्या." शब्द तोच, लिहिणंही तेच. फरक इतकाच की दुसऱ्या रीतीत अंदाज करायची, म्हणजे चुकायची, संधी दिलेली नाही.

नंतर 'क'नं सुरू होणारा शब्द विचारल्यावर निरोगी माणसांमध्ये दोन रीतींनी फारसा फरक पडला नाही. आठवण हरवलेल्या सोळांपैकी मात्र प्रत्येकाला दुसऱ्या रीतीनं शिकलेले शब्द जास्त आठवले. सरासरी सुधारणं ही एक गोष्ट. सोळापैकी सोळा जणांनी एकाच दिशेला जाणं अशा रुग्णांच्या अभ्यासात क्वचितच दिसतं. हा प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला आणि पुनर्वसन केंद्रांमधली शिकवण्याची पद्धत त्यानं बदलून टाकली. दोन वर्षांनी, १९९६ साली, इंग्लंडमधल्या ईली गावी विल्सन यांनी एक पुनर्वसन केंद्र सुरू केलं. त्याला ऑलिव्हर झँगविल यांचं नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धात एडिंबरोला मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांसोबत काम करणारे झँगविल या क्षेत्राच्या पायाभरणीतले एक.

शिकवायचं कसं?

चूक होऊ द्यायची नाही, हे म्हणायला सोपं. करायचं म्हणजे उपचार करणाऱ्याला विद्यार्थ्याच्या हाताच्या अर्धा क्षण पुढे राहावं लागतं. चाकाच्या खुर्चीतून पलंगावर जाणं घ्या. पाहणाऱ्याला ती एक हालचाल वाटते. व्यवसायोपचार तज्ज्ञ तिचे तुकडे करते: खुर्ची पलंगाला तिरकी लावायची, डावा ब्रेक, उजवा ब्रेक, पावलं ठेवायच्या पट्ट्या वर, पुढे सरकायचं, पाय मागे, मग उठायचं. यातला ब्रेक विसरला तर माणूस जमिनीवर पडतो. इथे 'आता काय करायचं बरं?' असं विचारायचं नाही. "डावा ब्रेक" असं म्हणत त्याचा हात ब्रेकवर न्यायचा. चुकीच्या जागी हात निघालाच तर पोचण्याआधी थांबवायचा. रोज तोच क्रम, तेच शब्द. मग हळूहळू मदत काढत न्यायची. आधी हात धरणं सोडायचं, मग नुसतं बोट दाखवायचं, मग नुसतं नजरेनं. मदत काढायची घाई झाली आणि चूक झाली, तर एक पायरी मागे.

नावं शिकवायला अक्षरं गाळण्याची युक्ती आहे. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचा फोटो आणि खाली 'प्रकाश'. मग 'प्रका–', मग 'प्र–', मग नुसता फोटो. उत्तर आलं नाही तर अंदाज करायचा नाही, सरळ 'माहीत नाही' म्हणायचं, असं त्या माणसाला आधीच सांगून ठेवायचं. शाळेत आपण ज्याला प्रोत्साहन देतो (प्रयत्न तर कर, चुकलं तरी चालेल) त्याच्या हे अगदी विरुद्ध आहे. शिकलेलं लगेच एकदा, मग दोन मिनिटांनी, मग पाच, मग पंधरा मिनिटांनी आठवायला लावायचं, म्हणजे प्रत्येक वेळी उत्तर बरोबरच येईल अशा बेतानं अंतर वाढवत न्यायचं.

आणि हे एकट्या तज्ज्ञ बाईंनी करून भागत नाही. केंद्रात ब्रेक आधी आणि घरी पट्ट्या आधी असं झालं तर दोन वाटा तयार होतात. सून एक रीत सांगते, सासूबाई दुसरी. म्हणून घरच्यांना बसवून क्रम लिहून द्यावा लागतो. किल्ली त्याच खुंटीला, गोळ्यांची डबी त्याच फळीवर. भेटायला येणाऱ्यांसाठी दारात एक सूचना लावली तरी बिघडणार नाही: 'ओळखलंत का' असं न विचारता "मी प्रकाश, वरच्या मजल्यावरचा" असं म्हणून आत यावं.

ही पद्धत शिकवते ते मात्र फार अरुंद असतं. कॅनडात टोरांटोला एलिझाबेथ ग्लिस्की, डॅनियल शॅक्टर आणि एन्डेल टल्व्हिंग यांनी १९८६ साली, अक्षरं गाळण्याच्या रीतीनं, स्मृती गमावलेल्या लोकांना संगणकाची परिभाषा शिकवून दाखवली. यशच म्हणायचं. पण याच कामात असंही दिसलं, की शिकवताना जी वाक्यं वापरली तीच वापरून प्रश्न विचारला तर उत्तर येई. तोच प्रश्न शब्द फिरवून विचारला की माणूस अडे. आपल्याकडच्या घोकंपट्टीच्या विद्यार्थ्याची आठवण होईल. फरक असा की त्या विद्यार्थ्याला आपण वेगळ्या रीतीनं शिकवू शकतो. या माणसांच्या हाताशी उरलेली वाटच अरुंद असते. घरच्या पलंगावर उतरायला शिकलेला माणूस मावशीकडच्या पलंगावर उतरू शकेल याची खात्री देता येत नाही.

मग चुका करू द्यायच्याच नाहीत?

१९९४ नंतर काही वर्षं असंच वाटू लागलं होतं. पण मेंदूला गंभीर इजा झालेल्या सगळ्यांची मुख्य अडचण आठवणीची नसते. काहींना काल काय झालं ते बऱ्यापैकी आठवतं; बिघडलेलं असतं ते स्वतःवर लक्ष ठेवणं. कपाळामागच्या भागाला इजा झालेला माणूस 'मला काही झालेलं नाही, मी उद्यापासून गाडी चालवणार' असं शांतपणे सांगतो. त्याला आपली चूक दिसतच नाही. अशा माणसाचा हात प्रत्येक चुकीआधी धरला तर तो 'बघा, सगळं बरोबर जमतंय' असंच म्हणणार!

ऑस्ट्रेलियात टॅमारा ओन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली हा प्रश्न सरळ चाचणीला लावला. अपघातानं मेंदूला गंभीर इजा झालेले ५४ प्रौढ. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. दोन्ही गटांना स्वयंपाक करायला शिकवलं, आठ-आठ सत्रं. एका गटात चूक होऊच दिली नाही. दुसऱ्या गटात चूक होऊ दिली, पण नुसती सोडून दिली नाही. चूक होताना दिसली की उपचार करणाऱ्यानं आधी थोडं थांबायचं. स्वतःला उमगली नाही तर सूचक प्रश्न विचारायचा. उमगली आणि सुधारली की शाबासकी द्यायची. थांबा, सुचवा, शाबासकी द्या, ही त्रिसूत्री मूळची शाळेतली आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये, वाचनात मागे पडलेल्या मुलांच्या आईवडिलांना शिकवण्यासाठी ती तयार झाली. मूल एखाद्या शब्दाशी अडलं की लगेच सांगून टाकू नका, पाच सेकंद थांबा, अशी तिची सुरुवात. तिथून ती मेंदूच्या रुग्णांच्या स्वयंपाकघरात पोचली.

नंतर दोन्ही गटांना स्वयंपाकाचं एक नवं काम दिलं, तेव्हा चुका करत शिकलेल्या गटानं कमी चुका केल्या. स्वतःच्या अडचणींची जाणीवही त्यांना जास्त होती. दोन अभ्यास एकमेकांविरुद्ध जातात असं मात्र मला वाटत नाही. पहिल्यात विचारलं होतं, जे शिकवलं तेच लक्षात राहिलं का? दुसऱ्यात विचारलं होतं, जे शिकवलं नाही तिथे काय होतं? चुकांतून शिकायला चूक झाल्याची नोंद थोडी तरी टिकावी लागते. ती टिकत असेल तर चूक कामाला येते. टिकत नसेल तर ती नुसती वाटेवरची जास्तीची पावलं. म्हणूनच चांगल्या केंद्रात शिकवण्याआधी अनेक तास तपासणीत जातात. नवं किती टिकतं, किती वेळ टिकतं, स्वतःची चूक दिसते का. बाहेरून सारखी दिसणारी दोन माणसं इथे अगदी निराळी निघतात. एकाच माणसाच्या बाबतीतही ब्रेक लावणं चुकू न देता शिकवायचं आणि वरण-भात करणं चुकू देत शिकवायचं, असं होऊ शकतं. ब्रेकच्या चुकीत हाड मोडतं. वरणात मीठ जास्त पडलं तर बोलायला विषय मिळतो.

खिशातली आठवण

जे आठवत नाही ते बाहेर ठेवावं, हा मार्ग सर्वात जुना आणि माझ्या मते सर्वात उपयोगी. वही, भिंतीवरचं कॅलेंडर, दारावरची चिठ्ठी. अडचण अशी की वहीत लिहिलंय हे आठवावं लागतं! म्हणून वही उघडण्याची सवयसुद्धा वर सांगितलेल्या रीतीनं, चहाच्या कपाबरोबर, गजराबरोबर, जोडून शिकवावी लागते.

मोबाईल घरोघरी पोचण्याआधी अमेरिकेत, मुलाच्या मेंदूला इजा झालेल्या एका अभियंता वडिलांनी एका मानसतज्ज्ञाच्या मदतीनं कमरेला लावायच्या पेजरवर ही सोय उभी केली. ठरल्या वेळी पेजर वाजे आणि त्यावर संदेश उमटे. बटण एकच, चुकायला जागा नाही. विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली या यंत्राची इंग्लंडमधली चाचणी प्रसिद्ध केली. माणसं १४३. निम्म्यांना पहिले सात आठवडे पेजर, उरलेल्यांना नंतरचे सात. प्रत्येकानं स्वतःची कामं आधी ठरवून दिलेली होती: गोळ्या घेणं, डबा भरणं, कुत्र्याला खायला घालणं अशी. पेजर असताना शंभरातल्या ऐंशीपेक्षा जास्त लोकांची ही कामं वेळेवर होण्याचं प्रमाण ठळकपणे वाढलं.

आज हे काम साधा मोबाईल करतो. मात्र संदेशाची भाषा जमावी लागते. 'औषधाची आठवण' असं लिहून भागत नाही. कोणतं औषध, कुठे आहे, घेतलं की नाही, हे सगळं पुन्हा आठवणीवरच येऊन पडतं. 'नऊ वाजले. फळीवरच्या निळ्या डबीतली एक गोळी आत्ता घ्या' असं लिहावं लागतं.

या चाचणीत पेजर परत घेतल्यावरही मोजणी थांबवली नव्हती. सात आठवड्यांनी पाहिलं तेव्हा, पेजर आधी वापरलेल्या गटातली माणसं पेजर नसतानाही पहिल्यापेक्षा बरीच जास्त कामं वेळेवर करत होती. नऊ वाजता निळ्या डबीकडे जाण्याची वाट काही जणांच्या बाबतीत तयार झाली होती. २००८ साली याच माहितीचा आणखी बारकाईनं अभ्यास झाला, तेव्हा कळलं की हे टिकणं मुख्यतः अपघातानं इजा झालेल्यांमध्ये होतं. पक्षाघातानं इजा झालेल्यांची कामं पेजर गेल्यावर पुन्हा पहिल्यासारखीच राहू लागली. त्यांना ते यंत्र कायमचं खिशात हवं होतं.